मलमलचं फडकं

उस्मानच्या आकाशपाळण्याचा गिअरबॉक्स आठ दिवसांपासून कुरकुरत होता. आतले दाते झिजले की त्यांचा चुरा तेलात उतरतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने बायकोला, अन्वरीला, त्यातलं थोडं तेल बाटलीत भरायला सांगितलं आणि ती बाटली तपासणीसाठी अकोल्याला पाठवली.

मंगरूळपीरच्या उरुसात पाळणा उभा राहिला, त्याच दुपारी रिपोर्ट आला. तेलात धातूचा कणही नाही, पाळणा खुशाल चालवा. उस्मानच्या छातीवरचा धोंडा उतरला. "माह्या कानालेच म्हातारपण आलं म्हणा," असं म्हणून तो हसला आणि त्याने पाळणा सुरू केला. पहिल्या फेरीला त्याची लेक यूसरा मैत्रिणींना घेऊन बसली होती.

"मले तं मालूमच होतं, रिपोर्ट चांगला येईन," अन्वरी कपात चहा ओतत म्हणाली.

"काहून?"

"किती काळं तेल होतं ते. असं घाण तेल साहेब लोकायच्या हाती कसं द्याव? चार पदरी मलमलमधून गाळूनच भरलं म्या. हे काय, हेच फडकं."

गरम किटली धरलेलं ते काळं फडकं तिने उन्हात उलगडून दाखवलं. त्यावर चांदीच्या भुकटीसारखं काहीतरी चमचमत होतं.

 

सगळ्यात उंच गेलेल्या पाळण्यातून यूसराने हाक दिली, "अब्बा, अजून जोरात फिरवा न."