एक भाऊ द्या!

आत्याने घोट तोंडात घोळवला आणि सरळ बेसिनमध्ये थुंकला.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण भाऊची नाही."

भाचीचे कान तापले. भाऊ म्हणजे तिचे वडील, आत्याचा धाकटा भाऊ. ते हिवाळ्यात गेले. मागे राहिला घरामागचा छोटासा बिअरचा कारखाना, आणि आजोबांच्या वेळेपासून तिथे होत आलेली कडक काळी बिअर. पुढच्या खोलीत आत्या ती विकायची. गिऱ्हाईक बिअर मागतच नसे. बाकावर टेकायच्या आधीच ओरडायचं, "एक भाऊ द्या!"

"चांगली आहे ना? मग विकू या की, आत्या."

"आणि लोकांनी भाऊ मागितला की काय देऊ? भाची?" आत्याने ग्लास विसळला. "आणखी एक खेप कर. नाही जमली तर काळी बंद. मी नुसती पिवळी विकीन. त्याच्या नावावर दुसरं काही खपवणार नाही."

"पण कमी काय आहे, ते तरी सांग!"

"ते मला कळलं असतं तर मीच केली नसती का?"

कशाला म्हणून दोष द्यायचा, हेच भाचीला उमगत नव्हतं. पाणी तेच होतं, यीस्ट तेच, तांब्याचं भांडं तेच. भाजणीत तर खोट काढायला जागाच नव्हती. जव लोखंडी ढोलात फिरू लागले की आधी पावाचा वास येतो, मग बिस्किटांचा, मग कॉफीचा. कॉफीचा वास आला की ढोल थांबवायचा, हे बाबांनीच तिला लहानपणी मांडीवर घेऊन शिकवलं होतं. तिचं नाक कधी चुकत नसे. ती हट्टाला पेटली. काळी बिअर बंद होऊ द्यायची नाही, मग काहीही होवो.

शेवटच्या खेपेची भाजणी चालू होती, तेव्हा जवाची पोती घेऊन नेहमीचा ड्रायव्हर आला. पोती उतरवून तो दारातच रेंगाळला.

"तुमचे बाबा असते ना, तर मला इतक्यात सोडलं नसतं," तो म्हणाला. "ढोल इकडे फिरतोय आणि हे आपले माझ्या सासूची नक्कल करतायत!"

"तुमच्या सासूची? त्यांनी कुठे पाहिलं तिला?"

"मी करून दाखवली होती. पण माझ्याहून त्यांची सरस व्हायची."

मग त्याने कमरेवर हात ठेवले, मान वाकडी केली आणि सासू उभी केली. भाची पोट धरून हसली. बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. एवढ्यात नाकाला धूर झोंबला. ती धावली, ढोल थांबवला, झाकण उघडलं. दाणे ठरल्यापेक्षा काळे झाले होते. शेवटची खेप, आणि ती करपली!

"अगदी अस्सेच धावायचे बाबा!" ड्रायव्हर टाळी वाजवत म्हणाला.

भाची थबकली. "कधी?"

"कधी म्हणजे? मी आलो की दर वेळी. मी नसलो तर पोस्टमन असायचा. गप्पांना कुणीही चालायचं त्यांना."

करपलेले दाणे ओतून द्यायला तिने पाटी उचललीच होती. तिने ती खाली ठेवली. एक दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"यातला एकही टाकायचा नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

बिअर झाली, पिंपात मुरली. आत्याने ग्लास दोन्ही तळहातांत धरला. ही बिअर थंडगार प्यायची नसते. थोडी ऊब लागली की तिची एकेक चव उलगडते. आधी कॉफी आली, मग काळं चॉकलेट, मग पावाची भाजलेली कड. आणि घोट उतरल्यावर घशाशी मागे राहिला एक धुरकट कडवटपणा.

आत्याने क्षणभर डोळे मिटले. ती बेसिनकडे वळली नाही. तिने दुसरा घोट घेतला.

"हाच," ती म्हणाली. "हाच भाऊ."

भाचीने पिंपाला मिठीच मारली. "आता यात काडीचा बदल करणार नाही, आत्या! घराण्याची चव आहे ही. जन्मभर अश्शीच करणार."

आत्याने ओठांवरचा फेस पुसला. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"अगं, पिंप उघडलं की भाऊ दर वेळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणायचा, 'ताई, याही खेपेला आपल्या बाबांसारखी नाही झाली. पण पुढच्या खेपेला जमवतोच बघ!'"