गोलमागचा आवाज

"डावीकडे."

ब्रेइशोने डावीकडे झेप घेतली आणि पेनल्टीचा चेंडू छातीशी कवटाळला. मोन्तेरिलचं मैदान दणाणलं. त्याने मागे वळून पाहिलं. गोलमागच्या कठड्याशी, जिथे त्याचे वडील एवारिस्तो दर सामन्याला उभे राहायचे, तिथे कोणी नव्हतं. एवारिस्तो ऑगस्टमध्येच गेले होते.

त्या हंगामात तसं पुन्हा पुन्हा झालं. मागून तो घोगरा आवाज यायचा आणि कधी चुकायचा नाही. दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी गटांगळ्या खाणारा संघ त्यावरच तगून होता. ब्रेइशोला भीती वाटायची, आणि भीतीहून जास्त आनंद. समुद्र सोडून इथल्या कोळशाच्या खाणीत आलेला तो अबोल माणूस. मोन्तेरिलने गोल केला तरी टाळी म्हणून वाजवली नाही, पोराला कधी शाब्बास म्हटलं नाही. तेच वडील आता मदतीला येत होते.

शेवटच्या सामन्याआधी त्याने आईला सगळं सांगितलं. ओब्दुलिया मसूर निवडत होती. शवपेटीत त्याने ठेवलेला संघाचा निळा मफलर तिनेच बाजूला काढला होता आणि नवऱ्याच्या गळ्यात त्याचा जुना, विटका हिरवा मफलर गुंडाळला होता. त्यांना थंडी फार वाजायची, एवढंच म्हणाली होती.

"सामना कोणाशी आहे?"

"पोर्तोमारशी. हरलो तर आम्ही तिसऱ्या श्रेणीत. जिंकले तर ते पहिल्या."

तिचे हात थांबले. "त्या दिवशी आपल्या मनाने खेळ, बाळा. गेलेल्या माणसाचं ऐकू नये."

रविवारी समुद्रकाठाहून बसगाड्या भरभरून पोर्तोमारची माणसं आली. शेवटच्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. मग पोर्तोमारला पेनल्टी मिळाली. त्यांचा खेळाडू नेहमी गोलकीपरच्या उजवीकडे मारतो, हे ब्रेइशोला तोंडपाठ होतं. तोही उजवीकडेच झेप घेणार होता.

"डावीकडे, पोरा."

पोरा! इतक्या मायेने वडिलांनी त्याला कधीच हाक मारली नव्हती.  ब्रेइशोने डावीकडे अंग झोकून दिलं.

चेंडू उजवीकडून जाळ्यात गेला. हिरव्या मफलरांची गर्दी उसळली, आणि तिच्याही आधी, अगदी कानामागून, वडील आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "गोल! आपला गोल!"