काळा पडलेला डॉलर

"हा काय काळाकुट्ट डॉलर आणलास?" ऑर्विलने नाक मुरडलं. "भंगारात घाल."

लोरेटा, त्याच्या धाकट्या भावाची विधवा, अंगातला कोटही न काढता काउंटरसमोर उभी होती. अल्टूनातल्या या नाण्यांच्या दुकानाची पायरी ती सहसा चढत नसे. दोघा भावांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. बापाने मरताना चांदीचा हा डॉलर धाकट्याला दिला, थोरल्याच्या हाती जुनं घड्याळ टेकवलं. तेव्हापासून ऑर्विल धुमसत होता.

सवयीने त्याने आधी नाण्याची पाठ पाहिली. गरुडाखाली बारीकसा 'एस'. सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ, साल अठराशे त्र्याण्णव. त्या साली तिथे अगदी थोडे डॉलर पाडले होते. पण चेहऱ्यावरची रेषही त्याने हलू दिली नाही.

"गिऱ्हाइकाला चकचकीत माल लागतो. दोनशे देतो, भावाकडे बघून."

"तो म्हणायचा, हा विकला की घराचं छप्पर नवं होईल."

"तो काय म्हणायचा! जन्मभर थापाच मारल्या त्याने."

लोरेटाने नाणं पर्समध्ये टाकलं. "उद्या येते."

ऑर्विल मनात मांडे खात बसला. ती दुसरीकडे जाते कुठे?

दुसऱ्या दिवशी तिने काचेवर डॉलर ठेवला. लखलखीत.

"चकचकीत लागतो ना? सोडा लावून घासला."

ऑर्विलच्या पायाखालची जमीन सरकली. "अगं बये, काय केलंस हे! तो काळा थर म्हणजेच त्याची किंमत! शंभर वर्षांत कुणी पुसलासुद्धा नव्हता तो!"

"मग दोनशे नाही देणार?"

"कसले दोनशे! तीस हजारांचा होता तो! आख्ख्या गावात दुसरा नाही! तीस हजारांवर पाणी सोडलंस, अक्कलशून्य बाई!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. ऑर्विलला त्यांचं भान नव्हतं. ज्या नाण्यासाठी तो जन्मभर जळला, ते त्याच्याच खोटेपणाने खाल्लं होतं. तो रडकुंडीला आला होता.

लोरेटाने एका बोटाने नाणं उलटं केलं. गरुडाखाली 'एस' नव्हताच.

"आज पाठ बघितली नाहीस, ऑर्विल," ती म्हणाली. "हा त्याच सालचा साधा, तुझ्या भावाच्या खणातला. बापाचा घरी आहे, काळाच. मला फक्त किंमत ऐकायची होती, तुझ्या तोंडून."