बरण्या काकूच्या, मीठ आईचं

कल्पना करा, मुलांनो: स्वयंपाकघरात पोतंभर गाजरं आहेत आणि आज मुरत घातली नाहीत तर ती सडतील. बरण्या काकूच्या कपाटात, मीठ आणि व्हिनेगर आईच्या. दोघी एकाच ओट्याशी उभ्या, पण महिनाभर अबोला. मध्ये निरोप पोचवायला सहा वर्षांची चिमणी.

"चिमणे, काकूला सांग, बरण्या काय वर घेऊन जाणार आहेस?"

चिमणीने सांगितलं.

"आईला म्हणावं, आधी मीठ काढ. उगाच नाकाने कांदे सोलू नकोस."

चिमणीने तेही सांगितलं.

"सांग तिला, सडली तरी चालतील, मी मागणार नाही."

"मीही देणार नाही म्हणावं."

चिमणीने पोत्यातलं सगळ्यात जाड गाजर उचललं, बोलताच येणार नाही इतकं तोंडात कोंबलं आणि दोघींकडे बघत सावकाश चावत बसली.