खालमानी

एक लाकडी खुर्ची. सकाळी परसातल्या नळाजवळ, दुपारी मधोमध, ऊन कललं की कुंपणाशी.

पोटावरचे टाके. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.

“ह्यांना उजेडात ठेवा,” डॉक्टर म्हणाले होते. एवढंच म्हणाले होते.

खालमानी हे एका फुलाचं नाव. जंगलात, मोठ्या झाडाच्या पायाशी येतं. फिकट जांभळं, मान खाली घातलेलं. बघायचं तर आपल्यालाच वाकावं लागतं. उन्हाशी त्याचं जमत नाही.

परसातलं मोठं झाड. आता गुडघ्याएवढा खुंट.

“आईला ऊन काय मानवलंय! दिवस दिवस बाहेर असते.” हे मुलगा, फोनवर, बहिणीला.

सुट्टीचा दिवस होता. सून आठवडाभर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. आज पाय वर करून पडायचं, एवढाच तिचा बेत होता. नवरा मागच्या पडवीत कुणाचा तरी टेबलपंखा उघडून बसला होता. तिथून सगळं परस दिसतं. एक स्क्रू काढायचा, आईकडे बघायचं, दुसरा स्क्रू काढायचा, असं त्याचं चाललं होतं.

“काय हो, स्वतःचंच वाळवण घातलंय की काय?” शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

“हो ना,” सासूबाई म्हणाल्या. “दमट झाले होते.”

दुपारच्या गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन सून बाहेर गेली. सासूबाईंनी छत्री उघडली होती. पण छत्री डोक्यावर नव्हती. हात पुढे ताणून धरलेली. कपाळावर, मानेवर सगळं ऊन. छत्रीची सावली समोरच्या वाफ्यावर पडली होती. त्यात खालमानी फुलली होती. सावलीत न मावलेल्या कडेची पानं मात्र करपून तांबडी झाली होती.

सुनेने छत्रीकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं, मग खुंटाकडे.

“आई, तुम्ही ऊन खायला नाही बसत.”

“हळू बोल.”

“वर चादर बांधू. चार काठ्या, चार गाठी. हाय काय नि नाय काय.”

“तो विचारेल, कशाला.”

“मग सांगा ना.”

“काय सांगू? माझ्या खोलीत उजेड यावा म्हणून झाड पाडलं त्याने. दवाखान्यातून आणलं ते चपलांसकट आधी खोलीत नेलं, खिडकी उघडली आणि म्हणाला, बघ.” सासूबाईंनी पडवीकडे नजर टाकली. “तोंड कसं झालं होतं त्याचं, तू पाहिलंस ना? आता म्हणू, माझी फुलं मारलीस?”

“आणि तुम्हीच आडव्या झालात तर?”

“फुलं झडली की पानंही जातात गं. मुळं खाली झोपून राहतात. तेवढे दिवस बसते.”

“आणि पुढच्या वर्षी?”

सासूबाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “पुढच्या वर्षीचं ओझं आज कुठे उचलू? वजन उचलायचं नाही सांगितलंय मला.”

सुनेला हसू आलं नाही. पडवी हाकेच्या अंतरावर होती. एक वाक्य, आणि हे सगळं संपलं असतं. तिने मान वळवली. नवऱ्याने तिकडून स्क्रूड्रायव्हर उंचावून विचारलं, “काय खलबतं चाललीत सासू-सुनांची?”

“तुझ्या उखाळ्यापाखाळ्या काढतोय,” ती म्हणाली आणि आत गेली.

दिवाणावर तिने सकाळीच उशी लावून ठेवली होती. तिकडे न बघता तिने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, बाहेर आणून सासूबाईंच्या खुर्चीला भिडवली आणि त्यांच्या हातातून छत्री काढून घेतली.

“जा, पडा जरा. मी आहे.”

“अगं, तुझे पाय...”

“बसायचंच तर आहे. उभं कुठे राहायचंय?”

ऊन कललं तशी तिने खुर्ची कुंपणाशी नेली. छत्री पुरेना. पलीकडची कड उघडी पडायची. ती झाकावी तर अलीकडची. तिचा हात भरून आला होता. टाचा ठणकत होत्या, बसूनसुद्धा.

नवरा हात पुसत आला. “तूही? मला एकट्याला पंख्यांच्या हवाली करून? उगाच नाही मी ते झाड काढलं. अख्ख्या घराला ऊन लागलं बघ.”

तो तिच्याशेजारी उभा राहिला. ऊन त्याच्या पाठीवर होतं. त्याची सावली वाफ्यावरून आडवी पसरली, पार त्या करपलेल्या कडेपर्यंत. सुनेने छत्री हळूच खाली घेतली.

“चल, जातो. तो पंखा संध्याकाळी न्यायला येणार आहेत.”

“थांब.”

“का? काय झालं?”

“काही नाही. असाच उभा राहा. काहीतरी सांग.”

“काय सांगू?”

“त्या पंख्याचंच सांग. काय बिघडलंय त्याचं?”

तो सांगायला लागला. तिने डोळे मिटून घेतले. मधेच तो जरा सरकला, तेव्हा न बघताच तिने त्याचा सदरा धरून त्याला जागेवर ओढलं.

झाड पाडलं त्या दिवशी मुलाने त्या वाफ्यावर पंख्यांच्या जाळ्या उपड्या घातल्या होत्या, आणि त्यांच्यावर घरातल्या सगळ्या गाद्या. एकही पान मोडलं नव्हतं.