उलट्या आट्यांचा नट

"नट कुठं गेला?" भागवतनं विचारलं.

"काय म्हाईत," भिमाजी आबा म्हणाले. "सुटून भुश्यात पडला आसंल."

भागवत गुडघ्यांवर बसला आणि भुसा चाळू लागला. लोक मेलेल्या माणसाचे कपडे आवरतात, तसा तो चाळत होता. आबा स्टुलावरून आपल्या थोरल्या मुलाची पाठ बघत राहिले.

सुतारकामाच्या दुकानातली ही करवत आबांनी ऐन उमेदीत भिंगारच्या एका लिलावातून आणली होती. जाड लोखंडी खांब, त्यावर आडवा दांडा, दांड्याखाली मोटर आणि पातं. लाकूड जागेवर ठेवायचं आणि करवत आपल्याकडे ओढायची. नेवाशात दुसऱ्या कुठल्याच सुताराकडे असलं मशीन नव्हतं. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे सुट्या भागांची बोंब होती. त्यात पातं धरणाऱ्या नटाचे आटे उलटे. बाजारातला कुठलाही नट त्याला बसायचा नाही.

"भिंगारला जावं लागंल. मार्ककडं," आबा म्हणाले.

भागवत हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मोटारसायकलची किल्ली घेऊन निघून गेला.

दिवाळीत धाकट्या ओमला हायवेवर ट्रकनं उडवलं, तेव्हापासून तो असाच होता. करवत ओमच चालवायचा. आता भागवत दुकानात येऊन भिंतीकडे बघत बसायचा. गिऱ्हाईकं थोडे दिवस थांबली, मग दुसरीकडे गेली. घरात कुणी रडत नव्हतं. रडून झालं होतं आणि पुढं काय करायचं, ते कुणालाच येत नव्हतं.

मशीन पहिल्यांदा बंद पडलं ते संक्रांतीच्या सुमारास. बेअरिंग गेलं होतं. भागवत मनाविरुद्ध भिंगारच्या जुन्या बाजारात मार्कच्या दुकानी गेला. हा मार्क मोडीत निघालेली मशीनं विकत घेतो आणि त्यांचे भाग काढून विकतो. त्या दिवशी जेवताना भागवत म्हणाला, "मार्कनं पिठाच्या गिरणीचं बेअरिंग काढून दिलं."

एवढंच. पण ओम गेल्यापासून जेवताना आपणहून बोललेलं ते त्याचं पहिलं वाक्य. भाकरी वाढणारा पूजाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, हात तिथंच थांबला.

त्यानंतर मशीनला खोडच लागली. दांडा आवळायची मूठ नाहीशी झाली. करवत मागं नेणारी स्प्रिंग गेली. दर खेपेला भागवत निघायचा. कधी भिंगारला, एकदा तर राळेगणच्या पुढं कुणा म्हाताऱ्या सुताराकडे. परत आला की दोन वाक्यं जास्त बोलायचा.

नट गेला त्याच दुपारी पूजानं दळणासाठी बाजरी काढली. मग ती दुकानात आली आणि आबांपुढं मूठ उघडली.

"आबा, हे बाजरीत निघालं."

आबांनी नट बघितला. मान खाली घातली.

"तुमी काढता व्हय?"

"त्याला सांगू नको. बेअरिंग तेवढं खरंच गेल्तं. बाकी समदं मीच." आबांचा आवाज सपाट होता. "मशीन नीट आसलं की तो भिताडाकडं बघत बसतो. बिघडलं की गाडी काढतो. मार्कसंगं च्या पितो, मानसात बसतो. एक पोरगं गेलं, पूजा. दुसरं बसल्या जागी चाललंय. म्या काय करू?"

"आन तुमी?"

"मला काय झालंय? मी बरा हाय."

पूजानं स्टुलाशेजारची, सकाळी ठेवली तशीच राहिलेली न्याहारीची ताटली उचलली आणि ती आत गेली.

संध्याकाळी भागवत नट घेऊन आला. मार्कनं ओळखीच्या लेथवाल्याकडून तो कातून घेतला होता. पहिला नट त्या लेथवाल्यानं सवयीनं सुलट्या आट्यांचा केला, मार्कनं त्याला काय काय ऐकवलं, हे भागवतनं सगळं सांगितलं. सांगताना तो हसला. आबांना ते हसू ऐकून बरं वाटलं. फार नाही, पण वाटलं. पोरगं माणसात आलं होतं. आता हे खेळ पुरे, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी मशीन पुसलं, दांड्याला तेल दिलं. एका गिऱ्हाइकाचं चौकटीचं काम आलं, ते भागवतनं घेतलं. करवत आठवडाभर विनातक्रार चालली.

आणि एके सकाळी भागवत म्हणाला, "आबा, मशीन बंद पडलं."

"कसं पडंल?" आबा ताडकन म्हणाले. "काल तर चालत हुतं."

"जुनं हाय. व्हायचंच. मोटर उचलत न्हाई." भागवतनं हात फडक्याला पुसले. "आज तुमीबी चला भिंगारला. मला येकट्याला ह्यातलं कळत न्हाई."

"मी कशाला? गुडघं दुखत्यात."

"मार्क दर खेपेला इचारतो तुमाला. काय सांगायचं म्या त्याला?"

भागवत गाडी काढायला बाहेर गेला.

आबा स्टुलावरून उठले. पाना घेतला, मोटरचं झाकण उघडलं. मोटर सुरू करणारा कॅपॅसिटर जळला असेल, असं त्यांना वाटलं होतं. कॅपॅसिटर जागेवर नव्हताच. त्याच्या दोन्ही वायरींच्या टोकांना नवी काळी टेप लावलेली होती, शॉक बसू नये म्हणून, नीट आणि घट्ट. या खेपेला आबांनी मशीनचं काहीच काढलं नव्हतं.

बाहेर भागवत पूजाला हळूच म्हणाला, "आबांच्या चपला काढून ठेव. आज येत्यात बघ."