फिरता दांडा

फोन कानाशी धरून ती प्रयोगशाळेतल्या फिरत्या दांड्यावरचे उंदीर बघत होती. दारू सगळ्यांना सारखीच टोचलेली. पांढऱ्या घराण्यातले केव्हाच खाली पडले, काळ्या घराण्यातले अजून चालत होते. पलीकडून आई समजावत होती, "जावईबापू पितात, अधूनमधून हात उचलतात, पण पाय कधी लटपटला का त्यांचा? त्या घराच्या रक्तातच आहे. इतकी वर्षं तग धरलास, आणखी थोडा धर." "हं," ती सवयीनं म्हणाली. सहकारी म्हणाला, "ताई, हा काळा पठ्ठ्या काही पडत नाही." तिनं वाकून पाहिलं. पठ्ठ्यानं चालणं सोडलं होतं. दांड्याला मिठी मारून तो नुसता गोल फिरत होता. "चालणं सोडून नुसता चिकटून फिरला, की पडलाच धरायचा." तिनं त्याला अलगद सोडवलं. "कोण पडलं गं?" आईनं विचारलं. "कोणी नाही. संध्याकाळी तिकडेच येतेय. माझी खाट आहे ना अजून?"